सहाव्या मजल्यावरचं मैदान

त्या शनिवारी सकाळी सात वाजता अश्लेषा खोत एका मैदानाभोवती पत्रे ठोकून घेत होती. मैदान बंद होणार हे ज्यांना कळायला हवं त्या सगळ्यांना कळलंय, अशी तिची समजूत होती.

विद्यापीठ सिंगापूर शहराच्या ऐन मध्यात होतं. एका अंगाला एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं स्टेशन, दुसऱ्या अंगाला मॉल, आणि उरलेल्या दोन्ही बाजूंना ऑफिसांचे काचेचे मनोरे. आडवं पसरायला वीतभरही जागा नव्हती, म्हणून विद्यापीठाने उभं वाढायचं ठरवलं होतं. जुन्या मैदानाला लागूनच सहा मजली क्रीडासंकुल उभं राहत होतं. तळाला पोहण्याचा तलाव, मधल्या मजल्यांवर बॅडमिंटन आणि बास्केटबॉलची कोर्टं, आणि धावण्याचा ट्रॅक थेट गच्चीवर. जुन्या मैदानाच्या जागी आता प्रयोगशाळांची इमारत यायची होती. हे सगळं बांधणाऱ्या कंपनीत अश्लेषा इंजिनिअर होती. मूळची सांगलीची, कॉलेज पुण्याचं, आणि गेली तीन वर्षं सेरंगून भागात एका फ्लॅटमधली एक खोली.

पत्र्यांच्या रांगेत शेवटची एक फट उरली होती. तिथून दोन माणसं आत आली आणि सरळ धावायला लागली. एक साठी उलटलेले गृहस्थ, उंच, काटक, डोळ्यांवर काळा चष्मा. दुसरा तिशीतला तरुण. दोघांच्या मनगटांना एक हातभर दोर बांधलेला. दोघांची पावलं अशी जुळलेली, की एकच माणूस धावतोय असं वाटावं.

अश्लेषाने पुढे होऊन हात वर केला. "सॉरी सर, ग्राउंड क्लोज्ड."

"चीफ, थांबा जरा," तरुण मराठीत म्हणाला. "समोर एक पांढरं हेल्मेट उभं आहे."

"नुसतं हेल्मेट?"

"खाली एक बाई आहे. दिसायला बरी आहे... पण हात असा केलाय, जसं काही आपण मैदान गुंडाळून पळवून नेणार आहोत."

"मग इंग्रजीत गोड बोल. दोन फेऱ्या मागून बघ."

अश्लेषाने हात खाली घेतला. "मराठीत मागितल्या तरी चालतील," ती म्हणाली.

तरुणाचे कान हळूहळू लाल होत गेले. गृहस्थ मात्र इतक्या मोठ्याने हसले, की पत्रे ठोकणारे कामगार हातोड्या थांबवून बघायला लागले.

त्यांचं नाव गोपीनाथ. जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला आठ वर्षं झाली होती. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला, मुलगी जया हिच्याकडे. तरुणाचं नाव क्षितिज, जहाजावरच इंजिनिअर. चीफ इंजिनिअरच्या परीक्षेसाठी काही महिने सिंगापूरला आलेला आणि गोपीनाथकाकांच्याच घरी उतरलेला.

"पण काका, चोआ चू कांगला स्टेडियम आहे की," अश्लेषा म्हणाली. "दर शनिवारी तासभर एमआरटीने इतक्या लांब..."

"आहे ना. छान आहे." गोपीनाथकाकांनी दोराचा हात सैल सोडला. "पण तिथं मी डोळे गेल्यावर गेलो, पोरी. हे मैदान मी डोळ्यांनी पाहिलंय. इथं धावताना मला दिसतं. त्या वळणावर पिवळ्या फुलांचं झाड आहे, पलीकडे लाल छपराचं कँटीन. आहे ना?"

लाल छपराचं कँटीन पाच वर्षांपूर्वीच पाडलेलं, हे तिला जुन्या नकाशांवरून ठाऊक होतं. अश्लेषाने क्षितिजकडे पाहिलं. त्याने मान अगदी किंचित हलवली. सांगू नका.

"आहे काका," ती म्हणाली. "दोन नाही, चार फेऱ्या मारा. तोवर मी ही फट उघडी ठेवते."

त्या चार फेऱ्या ती बघत उभी राहिली. धावताना क्षितिज सारखं काहीतरी बोलत होता. डावं वळण, आता सरळ, पुढे ओलं आहे. मध्येच त्याने काहीतरी गंमत सांगितली असावी, कारण काका हसले आणि दोघांची पावलं चुकली, मग पुन्हा जुळली. तीन वर्षं ती ही कोर्टं आणि हे ट्रॅक कागदावर मिलीमीटरमध्ये आखत होती. त्यावर कोण धावणार, हे तिने कधी चेहऱ्यानिशी पाहिलं नव्हतं.

जाताना तिने क्षितिजला थांबवलं.

"नवा ट्रॅक वर होतोय, सहाव्या मजल्यावर. अजून नुसतं काँक्रीट आहे. पण काकांना एकदा आणाल? आत येण्यासाठी पास काढावा लागतो. नाव आणि नंबर द्या."

"नंबर फक्त पाससाठी?"

"फक्त पाससाठी."

"रक्तगट?"

"तोही लागतो."

"बी पॉझिटिव्ह." त्याने तिच्या पॅडवर वाकून पाहिलं. "अविवाहित लिहायला रकाना दिसत नाहीये."

"तो सेफ्टीचा प्रश्न नसतो," अश्लेषा म्हणाली, आणि पॅड छातीशी धरून साइट ऑफिसकडे चालायला लागली. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ऑफिसच्या दारापाशी मात्र ते जमलं नाही. तो तिथंच उभा होता.

*

परवानग्या मिळायला जून उजाडला. मधल्या काळात पासच्या निमित्ताने मेसेज होत राहिले. बुटांचा नंबर काय, काकांना बी.पी. आहे का. मग निमित्त नसतानाही व्हायला लागले. 'आज दिवसभर बॉयलर शिकलो, डोक्याचाच बॉयलर झालाय,' असं तो लिहायचा. 'सेफ्टी व्हॉल्व्ह उघड आणि झोप,' असं ती कळवायची. 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

जूनमधल्या एका सकाळी काका आणि क्षितिज हेल्मेटं घालून लिफ्टमधून गच्चीवर आले. वर नुसतं राखाडी काँक्रीट आणि वारा. काका दोन पावलं चालले आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना.

"मोठी जागा आहे," ते म्हणाले.

अश्लेषाला कळलं. या जागेचं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. एक झाड नाही, एक छप्पर नाही. तिने हातातली ड्रॉइंगची गुंडाळी खाली ठेवली आणि त्यांचा हात धरला.

"काका, तुमचं तोंड आता दक्षिणेला आहे. बरोबर समोर दोन उंच मनोरे, एक निळसर काचेचा, एक पांढरा. दोघांच्या मधे एक फट आहे. घरात दार किलकिलं राहावं तेवढी. त्या फटीतून समुद्र दिसतोय."

"समुद्र?" काकांनी मान उंचावली. "जहाजं आहेत?"

"आहेत. नांगर टाकून उभी. थांबा, मोजते... अकरा."

"टँकर किती?"

"मला त्यांतला टँकर ओळखू येत नाही, काका."

"क्षितिज, शिकव रे हिला."

क्षितिज तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने तिच्या खांद्यावरून हात पुढे करून बोट दाखवलं. "ते बघ. ज्याची पाठ सपाट आहे आणि घर अगदी शेपटाशी, तो टँकर. ज्याच्यावर डबे रचलेत, ते कंटेनरचं." त्याचा हात तिला लागला नव्हता. तरी तो किती अंतरावर आहे, हे तिला मिलीमीटरमध्ये सांगता आलं असतं.

"चार टँकर," ती म्हणाली.

मग तिने काकांना गच्चीभर फिरवलं. कठड्याची उंची हाताला लावून दाखवली. वळण कुठून सुरू होतं ते पावलांनी मोजून दिलं. पूर्वेकडच्या कोपऱ्यात खालच्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचं धुरांडं होतं, तिथं रोज भाताचा वास येणार. पश्चिमेला वारा बिनअडथळा लागणार. काका ऐकत गेले, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे डेकच आहे हा," ते म्हणाले. "जहाजाचा डेक."

दुसऱ्या वळणावर त्यांची काठी कशावर तरी खट् वाजली.

"हे काय?"

"दिव्याच्या खांबाचे बोल्ट. असे सहा खांब येणार आहेत."

"ट्रॅकच्या कडेपासून किती लांब?"

"साठ सेंटीमीटर."

काकांनी काठीने ते अंतर चाचपलं. मग त्यांनी क्षितिजला बाजूला उभं केलं आणि दोर ताणून दोघं जसे धावतात तसे उभे राहिले. "आतल्या पट्ट्यांत तरणी पोरं सुसाट धावतात. मी कायम बाहेरच्या पट्टीत. मग हा माझ्या बाहेर. बघ याचा खांदा कुठं येतोय."

क्षितिजचा खांदा बरोबर त्या बोल्टांच्या वर आला होता. पळताना हलणारं कोपर धरलं, तर खांबावर आपटणारच.

त्या खांबांच्या जागा अश्लेषाने स्वतः पक्क्या केल्या होत्या. नियमात बसत होत्या. तिने एक माणूस धावताना धरला होता, दोन नाही.

"माझी चूक आहे," ती म्हणाली.

"चूक कसली? तुला कुणी सांगितलंच नसेल," काका म्हणाले.

"सांगायला माणूस आणायला हवा होता ना, काका. आता आणलाय."

खाली उतरताना क्षितिज लिफ्टपाशी मागे राहिला. "अश्लेषा," तो म्हणाला. नेहमीची थट्टा त्याच्या आवाजात नव्हती. "आठ वर्षांत त्यांना नवं काही दिसलेलं मी पाहिलं नव्हतं. आज दिसलं. मी तुझे आभार कसे—"

"खांब हलू देत आधी," ती म्हणाली. "मग बघू."

*

खांब हलवायचे म्हणजे काम तीन आठवडे मागे जाणार होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये तिच्या मॅनेजरने कपाळाला हात लावला. नियमात बसतंय ना, मग कशाला? विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या मिस लिम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, फारसं न बोलणाऱ्या. अश्लेषाने उभं राहून सरळ सांगून टाकलं, की जागा मी ठरवल्या, त्या चुकल्या, आणि का चुकल्या ते एका दृष्टिहीन धावपटूने मला दाखवलं. बोलून ती खाली बसली. या देशात राहायचा पास कंपनीच्या हातात, नोकरी मॅनेजरच्या. स्वतःच्या चुकीचा कागद आपणहून कोणी सही करून देत नाही.

मिस लिमनी चष्मा काढला आणि सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. "कॅन शिफ्ट ऑर नॉट?"

"कॅन," अश्लेषा म्हणाली.

"देन शिफ्ट, लाह." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग. जुन्या मैदानावर मी त्यांना कित्येक शनिवार पाहिलंय. नवं मैदान उघडलं की शनिवारची सकाळ बाहेरच्यांना खुली राहील. ते मी बघते."

अश्लेषाने बाहेर येऊन क्षितिजला फोन लावला. तिला नीट बोलताच येईना. तो पलीकडून "काय झालं? रडतेस का? अश्लेषा?" असं विचारत राहिला, आणि ती नुसती मान हलवत राहिली, जशी काही त्याला ती दिसतच होती.

मग शनिवार ठरूनच गेले. सेरंगूनहून पहिली गाडी पकडून ती चोआ चू कांगच्या स्टेडियमवर पोचायची. तिघं धावायचे, म्हणजे दोघं धावायचे आणि ती मागून धापा टाकत यायची. मग हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, कोपी ही इथली दाट कॉफी आणि टोस्ट. काकांचं अर्धउकडलेलं अंडं फोडून द्यायचं काम तिच्याकडे आलं.

एकदा अर्ध्या फेरीतच भोंगा वाजला. खांबावरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. वीज पडण्याचा इशारा होता. ट्रॅक रिकामा करा. तिघं प्रेक्षकांच्या गॅलरीच्या छपराखाली धावले, आणि पाठोपाठ पाऊस असा कोसळला की समोरच्या इमारती पुसल्या गेल्या. काका एका चिनी आजोबांशी गुडघेदुखीवर बोलत बसले. ही दोघं वरच्या पायरीवर. तिच्या केसांतून पाणी ओघळत होतं. त्याने आपला कोरडा टॉवेल तिच्याकडे न बघताच पुढे केला.

"काकांशी तुझं नातं काय नेमकं?" तिने विचारलं.

"पहिलं जहाज होतं माझं. दोन महिन्यांत कंटाळलो. उलट्या, उकाडा, घरची आठवण. पुढच्या बंदरात उतरून घरी जायचं ठरवलं होतं. चीफनी काही उपदेश केला नाही. फक्त संध्याकाळी म्हणाले, बूट घाल. मग रोज डेकवर चाळीस फेऱ्या. ते पुढे, मी मागे. कधी थांबवलंच नाही त्यांनी. मी उतरायचं विसरूनच गेलो." त्याने पावसाकडे पाहिलं. "आज मी जो काही आहे तो त्यांच्या मागे धावल्यामुळे. आता शेजारी धावतो, एवढंच."

अश्लेषा टॉवेल हातात धरून बसली होती.

"पुसतेस ना केस? की त्यालाही परवानगी काढावी लागते?"

"फॉर्म भरावा लागतो."

"भरतो. यात तरी तो रकाना आहे का?"

ती हसली आणि केस पुसायला लागली. दिवा लुकलुकायचा थांबला तरी दोघंही उठली नाहीत. शेवटी काकांनीच हाक मारली, "अरे, पाऊस थांबलाय ना? मला ऐकू येतंय."

*

ऑगस्टमध्ये निकाल लागला. क्षितिज पास झाला. शनिवारी अश्लेषा लिटिल इंडियातून काजूकतलीचा डबा घेऊन आली. नवा कुर्ता होता. आज काहीतरी बोललं जाईल, असं तिला मनातून वाटत होतं. ते त्याने नाही बोललं तर आपण बोलायचं, असंही.

हॉकर सेंटरमध्ये काका हात धुवायला गेले. क्षितिजने कतलीचा एक तुकडा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"अश्लेषा, जहाज लागलंय. सव्वीस तारखेला. सहा महिने."

"याच महिन्याच्या?"

"हो. महिनाभरापूर्वीच पत्र आलं होतं. निकालावर अडलेलं होतं, म्हणून..."

"महिनाभर," ती म्हणाली.

"सांगायचं होतं. आणि एक विचारायचंही होतं. मी नसताना चीफबरोबर... तुझ्याशिवाय कुणावर त्यांचा—"

तिला पुढचं ऐकूच आलं नाही. डोक्यात सगळं उलटं फिरत गेलं. शनिवार, कोपी, टॉवेल, 'शिकव रे हिला'.

"म्हणजे मला तयार करत होतास," ती म्हणाली. "बदली माणूस."

"अश्लेषा, तसं नाही..."

"छान जमलं. ड्रॉइंगमध्ये बसतंय." तिने पर्स उचलली. "काकांना सांग, मला साइटवर जायचंय."

तो उठला, दोन पावलं मागे आला, आणि थांबला. त्याचा पुढचा प्रत्येक मेसेज तिने वाचला आणि एकालाही उत्तर दिलं नाही. सव्वीस तारीख आली आणि गेली.

त्यानंतरच्या शनिवारी मात्र ती पहाटे उठली. स्वतःवरच चिडत तिने बूट घातले आणि चोआ चू कांग गाठलं. काका रेलिंगला धरून एकटेच उभे होते. जया त्यांना सोडून भाजी आणायला गेली होती.

"आलीस," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं मीच आहे ते?"

"बूट घासत चालतेस." त्यांनी दोर पुढे केला. "मला वाटलंच होतं, येशील. क्षितिजने धावायच्या क्लबमधले तीन स्वयंसेवक ठरवून ठेवलेत माझ्यासाठी. आळीपाळीने येणार होते. आज पहिला येणार होता, मीच त्याला नको म्हटलं."

अश्लेषा दोर हातात घेऊन उभी राहिली. "तीन जण... ठरवलेले होते?"

"जुलैपासून."

"मग मला कशाला विचारलं त्याने?"

"मला नको विचारू. मी आंधळा आहे," काका शांतपणे म्हणाले. "पण एवढं सांगतो. परीक्षेसाठी इथं आल्यावर त्याला दोन जहाजं मिळत होती. नाकारली. एक मेमध्ये, एक जुलैमध्ये. अभ्यास झाला नाही म्हणायचा. अभ्यास झालेला होता, मीच घेत होतो. आणि तुला 'तू ये' म्हणण्यात बदली माणूस शोधणं नव्हतं. ज्या घरात त्याला परत यायचं होतं, तिथं तू आधीच असावीस, असं त्याला वाटत होतं. ते त्याला बोलता आलं नाही. इंजिनच्या माणसाला फक्त इंजिन बोललेलं कळतं."

तिने दोराची एक गाठ मनगटाला बांधली. पहिल्या फेरीत तिने त्यांना दोनदा भलत्याच पट्टीत नेलं. तिसऱ्या फेरीला पावलं जुळली.

त्या संध्याकाळी तिने त्याला लिहिलं, 'काका आज तीन किलोमीटर धावले. माझा गुडघा दुखतोय. त्यांचा नाही.' थोडं थांबून आणखी एक ओळ घातली. 'मी तुझं पुरतं ऐकून घेतलं नाही. चुकलं माझं.'

उत्तर दोन दिवसांनी आलं, कुठल्याशा समुद्रातून. 'चूक माझी. तारीख लपवली. घाबरलो होतो. तू नाही म्हणशील म्हणून नाही. तू हो म्हणशील आणि मी निघून जाईन, म्हणून.'

मग सहा महिने असेच गेले. तिच्याकडून किलोमीटर, काकांचे विनोद, ट्रॅकच्या लाल रबराचा पहिला थर, हललेल्या सहा खांबांचे फोटो. त्याच्याकडून पहाटेचं आकाश, इंजिनरूममधला घामाने निथळलेला चेहरा, डेकवर मारलेल्या फेऱ्यांचा आकडा. मधेच नेटवर्क जायचं आणि पाच-पाच दिवस काहीच नसायचं. त्या दिवसांत ती साइटच्या गच्चीवर जाऊन मनोऱ्यांच्या फटीतून जहाजं बघायची. आता तिला टँकर ओळखू यायचा.

*

संकुल मार्चमध्ये उघडलं. समारंभाला क्षितिज येणार होता, पण त्याच्या जागी जाणारा माणूस आजारी पडला आणि त्याचं उतरणं तीन आठवडे लांबलं. समारंभात भाषणं झाली, विद्यार्थ्यांच्या शर्यती झाल्या. मिस लिमनी शब्द पाळला. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी गच्ची बाहेरच्यांसाठी खुली झाली, आणि पहिली फेरी गोपीनाथकाकांची, असं त्यांनी सांगून ठेवलं.

ऊन अजून कोवळं होतं. काका आणि अश्लेषा बाहेरच्या पट्टीत धावत होते. "वळण सुरू," ती म्हणत होती. "आता सरळ. उजवीकडे समुद्र. आज नऊ जहाजं."

"टँकर?"

"तीन."

पूर्वेच्या कोपऱ्यात भाताचा वास आला आणि काका स्वतःशीच हसले. अजून अर्धी फेरी बाकी होती, तोच लिफ्टचं दार उघडलं. पाठीवर मोठी बॅग, दाढी वाढलेली, अंगावर चुरगळलेला शर्ट. तो दाराशीच उभा राहिला.

अश्लेषाचं पाऊल अडखळलं. नुसतं अर्धं पाऊल.

"आला वाटतं," काका म्हणाले.

"काका, तुम्हाला..."

"दोर सांगतो ना सगळं. फेरी पुरी कर आधी. पहिली फेरी आहे नव्या मैदानातली."

तिने फेरी पुरी केली. आजवरची सगळ्यात लांब अर्धी फेरी. शेवटी जया पुढे आली आणि तिने अश्लेषाच्या मनगटाची गाठ सोडून आपल्या मनगटाला बांधली. "आज मी पळते बाबांबरोबर," ती म्हणाली. "कधीपासून म्हणतेय." दोघं हळूहळू निघाली.

क्षितिजने बॅग खाली ठेवली. "विमानतळावरून थेट आलो. अंघोळ नाही."

"दिसतंय."

"सहा महिन्यांत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. लिफ्टमध्ये सगळं विसरलो." त्याने श्वास घेतला. "एक सांगतो. जुलैत पुढचं जहाज आहे, चार महिन्यांचं. काल कळलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. चीफनाही नाही."

अश्लेषाने मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत.

"मी समुद्र सोडतो असं म्हणणार नाही," तो म्हणाला. "खोटं होईल ते. पण दर वेळी परत येताना इथं... तू..."

"थांब. आधी मला बोलू दे." ती कठड्याला टेकली. "तीन वर्षं मी या शहरात काम केलं आणि खोलीवर जाऊन झोपले. कुणासाठी बांधतेय, कुणाबरोबर राहतेय, काही नाही. तू पत्र्याच्या फटीतून आत आलास आणि मला काका मिळाले, जया मिळाली, शनिवार मिळाले. खांब चुकलाय हेही तुमच्यामुळेच कळलं. क्षितिज, मला तुझे आभार मानायचेत. मनापासून."

तो एक पाऊल पुढे आला. मग हळूच म्हणाला, "आभार मानून मोकळी होऊ नकोस."

"मोकळं व्हायचं असतं," अश्लेषा म्हणाली, "तर आईला मे महिन्यातल्या तारखा बघायला सांगितल्या नसत्या."

"कसल्या तारखा?"

ती समुद्राकडे बघायला लागली.

"अश्लेषा... तू आईला सांगितलंस? मी विचारायच्या आधी?"

"तुझी जहाजं उशिरा येतात. सांगलीतली मंगल कार्यालयं थांबत नाहीत."

त्याने तोंडावरून हात फिरवला. हसावं की रडावं ते त्याला कळत नसावं. शेवटी त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इंजिनच्या तेलाने काळवंडलेल्या, खरबरीत हातांत. काका आणि जया दुसरं वळण घेत होते, आणि काका तिला समोरचा समुद्र दाखवत होते.

"कोणती तारीख?" क्षितिजने विचारलं.

"अठरा."

"चालेल," तो म्हणाला.